नोलीनसाठी बघितलेलं शहर

या, असे जवळ सरकून बसा. मांडी घाला, पाठ टेका, कसेही बसा, पण मध्ये फार अंतर नको. ही गोष्ट मोठ्या आवाजात सांगण्यासारखी नाही. ही एका माणसाची गोष्ट आहे. त्यानं एकाच दिवसात मेलबर्न शहर दोनदा बघितलं, आणि दोन्ही वेळा स्वतःसाठी नाही. पहिल्या वेळी मी त्याच्यावर चिडलो होतो, हेही मध्येच सांगेन. लपवून काय करायचंय.

माणसाचं नाव क्लेम पास्को. आमच्या होपटाऊनपासून वीस किलोमीटरवर त्याचं गव्हाचं रान. आमचा मुलूख तांबड्या मातीचा, सपाट. मेलबर्नहून गाडीनं पाच तास यायचं, तेव्हा कुठं गावाची पाण्याची टाकी दिसायला लागते. मी तिथल्या शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं. निवृत्त झाल्यावर दवाखान्याची गाडी चालवायला लागलो. शहरातल्या मोठ्या डॉक्टरांकडे जायचंय पण शहरात गाडी घालायची छाती होत नाही, अशा लोकांना न्यायचं आणि आणायचं. पगार नाही, पण लोक केक फार देतात.

त्या वर्षी नोव्हेंबरात क्लेमच्या बायकोला, नोलीनला न्यायचं होतं. तिच्या हृदयाची एक झडप बदलायची होती. ऐन कापणीचे दिवस. क्लेमनं मळणीचं यंत्र मुलाच्या ताब्यात दिलं आणि पाच तास माझ्या शेजारी बसून एकही शब्द न बोलता रस्त्याकडेचे दुसऱ्यांचे गहू बघत आला. समोरून गाडी आली की आमच्याकडच्या रिवाजानं एक बोट वर करायचा. शहर लागल्यावरही करत होता. चौपदरी रस्त्यावर शेकडो गाड्या आणि ह्याचं बोट वर. मागून नोलीन म्हणाली, "अरे बास कर, खांदा निखळेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला तिला हॉस्पिटलचा झगा घालून ढकलगाडीवर आडवं केलं. आत न्यायच्या आधी तिनं उशीखालून एक कागद काढला. कॅलेंडरचं फाडलेलं पान, मागच्या कोऱ्या बाजूला तिचं गोल गोल अक्षर.

"हे काय?" क्लेमनं विचारलं.

"यादी. मी पाच तास झोपलेली असणार. तू तेवढा वेळ काय करणार आहेस? भिंतीकडे बघणार?"

"बसेन इथं."

"तू बसलास म्हणून माझी झडप नीट बसणार आहे का? जा, फीर. सेहेचाळीस वर्षांत पाच वेळा आणलंस मला या शहरात. पाचही वेळा एक तर डॉक्टर नाहीतर मयत. आणि दुपारचे दोन वाजले की घड्याळ बघायचास. चल, अंधाराच्या आत पोचलं पाहिजे, कांगारू आडवे येतात."

"येतातच."

"येतातच. म्हणून मी काही बघितलं नाही. आता तू बघ आणि मला सांग. उठल्यावर एकेक विचारणार आहे. आणि थापा मारू नकोस. तुला जमत नाहीत." मग माझ्याकडे मान वळवून म्हणाली, "मास्तर, ह्याला सोडू नका. हा दारातून डोकावेल आणि म्हणेल बघितलं."

तिला आत नेलं. दारं मिटली. क्लेम तो कागद दोन्ही हातांनी धरून उभा. सिस्टरनं विचारलं, फोन कुणाच्या नंबरवर करायचा? त्यानं आपला दिला. मी म्हटलं, माझाही लिहून घ्या. तर म्हणतो, "एक पुरे. दोन कशाला, त्यांना उगाच त्रास." सिस्टर म्हणाली, एकच्या सुमारास सर्जन फोन करतील, तोवर इथं बसून काही होणार नाही, बाहेर हवा चांगली आहे.

हवा चांगली नव्हती. उत्तरेचा वारा सुटला होता. आमच्याच रानावरून तापून आलेला, तोंडावर भट्टीचं दार उघडल्यासारखा. क्लेमनं टोपी खाली ओढली, शर्टाच्या वरच्या खिशात तो घडीचा जुना फोन ठेवला आणि त्यावर तळहात ठेवून चालायला लागला. दुपारपर्यंत तो हात तिथून हलला नाही. शपथ घेतोय असं वाटायचं.

यादीत पहिला होता डोनट. व्हिक्टोरिया मार्केटात एका गाडीवर तेलातून काढून, आत जॅम भरून, साखरेत लोळवून देतात. हॉस्पिटलपासून चालत दहा-बारा मिनिटं. गाडीपुढे रांग होती आणि रांगेत क्लेम नुसता पाय बदलत होता. हातात पिशवी पडल्याबरोबर त्यानं उभ्या उभ्या एक डोनट तोंडात कोंबला. आतला जॅम कढत असतो, हे त्या शहरातलं शेंबडं पोरही जाणतं. क्लेमच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं तो गिळला, पिशवी माझ्या हातात दिली, आणि खिशातली पेन्सिल काढून यादीवर खूण केली.

"झालं. पुढचं?"

"अरे, मार्केट तरी बघ. मासळीचा बाजार बघ, चीजवाले बघ."

"यादीत नाही."

पुढचा सगळा सकाळचा वेळ हे असंच. शहराभोवती फिरणारी जुन्या बनावटीची ट्राम आहे, लाकडी बाकांची, फुकट. नोलीननं लिहिलं होतं, पूर्ण एक फेरी. चार थांबे गेल्यावर क्लेम उठला. म्हणाला, पुढंही असंच असणार. स्टेशनच्या घड्याळांखाली पोचलो. मेलबर्नमध्ये कुणाला भेटायचं ठरलं की लोक 'घड्याळांखाली' एवढंच म्हणतात. फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनच्या दारावर ओळीनं घड्याळं लावलेली आहेत, त्याखालच्या पायऱ्यांवर सगळं शहर एकमेकांची वाट बघत उभं असतं. नोलीनची आई तिथं युद्धावरून परतणाऱ्या एका शिपायाची वाट बघत उभी राहिली होती. तो आला, म्हणून पुढं नोलीन जन्माला आली. यादीत लिहिलं होतं, दहा मिनिटं उभं राहणे. क्लेम उभा राहिला, पण वर घड्याळाकडे बघत. तीन मिनिटांनी म्हणाला, "सव्वादहा. आता छाती उघडली असेल, नाही?"

मी त्याला नदीच्या पुलाकडे वळवलं.

नदीपलीकडच्या चित्रसंग्रहालयाच्या दारात एक प्रचंड काच आहे आणि तिच्यावरून अखंड पाणी वाहत असतं. तिथली सगळी मुलं त्या काचेला हात लावून मोठी झालीत. आमच्यापुढे शाळेतली एक अख्खी रांग हात लावत होती. क्लेम मागं उभा राहिला. मी म्हटलं, लाव हात. त्यानं आपला हात बघितला, भेगाळलेला, नखांत यंत्राचं तेल मुरलेला, आणि परत खिशावर ठेवला. खूण केली. यादीतल्या मोठ्या बागेत तळ्याशी तो बाकावर टेकलासुद्धा नाही. काळे हंस होते, त्यांच्याकडे त्यानं आपल्या शेतात दुसऱ्याची मेंढरं शिरल्यावर बघावं तसं बघितलं.

मी चिडलो, म्हटलं ना. ट्रामच्या थांब्यावर मी त्याला म्हणालो, "क्लेम, तिनं तुला एक काम सांगितलं. साधं. डोळे उघडे ठेवायचं."

"ठेवलेत."

"कुठं ठेवलेत? मगाशी त्या काचेवर पाणी कुठल्या बाजूनं येत होतं, सांग."

त्यानं टोपी खाली ओढली. मग म्हणाला, "मास्तर, तुम्ही वर्गात मुलांना झापायचात ना, तसं झापू नका. मी बहात्तर वर्षांचा आहे." मग दुसरीकडे बघत म्हणाला, "माझ्या कानांत नुसता फोन वाजतोय सकाळपासून. वाजत नाही तरी वाजतोय. त्यात दुसरं काही शिरत नाही."

ट्राम आली, मी त्याला आधी चढवलं.

राज्य ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर आलो तेव्हा बारा वाजून गेले होते. आत घुमटाखालची वाचनाची खोली बघायची राहिली होती. क्लेम म्हणाला, आता नको, एक वाजत आलाय, आत फोन लागला नाही तर? म्हणून आम्ही पायऱ्यांवर बसलो. वाऱ्यानं कागद, पानं, कुणाच्या तरी सॅलडचं झाकण, सगळं अंगणात गरगरत होतं. एक वाजला. सव्वा वाजला. क्लेम उठायचा, चार पायऱ्या उतरायचा, चढायचा. दीड वाजला.

"आपण फोन करू," मी म्हणालो.

"नको. ते करतो म्हणालेत. कामात असतील. मध्ये मध्ये विचारून त्यांना कशाला छळायचं."

आमच्याकडची माणसं अशीच. घर जळत असेल तरी बंबवाल्यांना सांगतील, सवडीनं या. पावणेदोन झाले. त्याच्या ओठांभोवती पांढरं पडलं होतं. मी हात पुढे केला. "दे इकडे तो फोन. आवाज कमी झालाय का बघतो."

त्यानं खिशातून काढून दिला. मी घडी उघडली. पडदा काळा. बटण दाबलं, काळाच.

फोन बंद होता.

तुम्हाला हे खोटं वाटेल. आमच्या भागात कुणालाही सांगा, लगेच पटेल. क्लेमच्या रानात फोनला रेंज नसते. चालू ठेवला तर तो दिवसभर टॉवर शोधत बसतो आणि दुपारपर्यंत बॅटरी संपते. म्हणून सकाळी उठल्यावर मुलाशी बोलायचं, की बंद करून खिशात. रात्री घरी आल्यावर पुन्हा चालू. पंधरा वर्षांची सवय. त्या दिवशीही सकाळी सहाला मुलाशी बोलून, कापणीचं विचारून, बोटांनी आपसूक बंद केला होता. आणि मग एका मेलेल्या फोनवर हात ठेवून तो सात तास शहरभर हिंडला.

चालू केला. पाच फोन येऊन गेले होते, सगळे हॉस्पिटलचे. पहिला साडेअकराचा.

क्लेम पायरीवर बसला. मी नंबर लावून फोन त्याच्या हातात दिला. पलीकडं आधी गाणं वाजलं, मग कुणीतरी थांबा म्हणालं, मग पुन्हा गाणं. मला दिसत होता तो फक्त त्याचा अंगठा, यादीच्या कागदाची कड दुमडत असलेला. मग तो बोलला. ट्रॅक्टरवर पन्नास वर्षं गेल्यानं त्याला कमी ऐकू येतं आणि त्यामुळे तो मोठ्यानं बोलतो. "हो. पास्को. हो. नाही, माझाच फोन... हो. हं. किती? हं." फोन मिटला.

"झडप बसली," तो म्हणाला. "पण रक्त थांबत नाहीये. अकराला बाहेर आणलं होतं, पुन्हा आत नेलंय. अजून दोन-तीन तास. या म्हणाल्या, पण भेटता येणार नाही."

"चल," मी उठलो. "समोरून ट्राम मिळेल, पंधरा मिनिटांत पोचू."

तो उठला नाही. कागद गुडघ्यावर सपाट करत बसला. मग त्यानं मला विचारलं, "मास्तर, त्या काचेवरनं पाणी येतं ते पडदा सोडल्यासारखं सलग येतं, की तुटत तुटत?"

"आता हे काय?"

"ती विचारेल."

"क्लेम, हॉस्पिटलात जाऊ. तिथं बसू."

"तिथं जाऊन बसलो," तो हळू म्हणाला, आणि क्लेम हळू बोलला हे मी प्रथमच ऐकत होतो, "तर ती काही विचारणार नाही, असं मीच मानल्यासारखं होईल. आणि विचारलंच, तर काय सांगू? माझ्याकडं एक गोष्ट नाही. सकाळभर फिरलो आणि माझ्याकडं तिला द्यायला एक गोष्ट नाही, मास्तर."

मग उठून त्यानं फोन माझ्या हातात दिला. "हा तुम्ही धरा. मला हात मोकळे पाहिजेत." आणि पायऱ्या चढून आत गेला.

घुमटाखालची ती खोली आठ कोनांची आहे, सहा मजले उंच, मध्यापासून चाकाच्या आरांसारखी वाचायची टेबलं निघालेली, प्रत्येकावर हिरव्या काचेचा दिवा. मी शंभर वेळा बघितली असेल. पण क्लेमनं त्या दिवशी बघितली तशी नाही. तो टेबलांमधून टोपी हातात धरून, रान फिरावं तसा फिरला. एका टेबलाचं लाकूड अंगठ्यानं चोळून बघितलं. तिथल्या बाईंना जाऊन विचारलं, वर घुमटाच्या काचा कोण पुसतं आणि कसं चढतात. बाई आधी गोंधळल्या, मग खुश झाल्या. तो सगळ्यात वरच्या सज्जात चढला, कठड्याला वाकून खाली बघितलं, आणि तिथून मला खूण करायला लागला. खाली सगळी मंडळी शांत वाचतायत आणि वरून हा एक म्हातारा हात हलवतोय. परत आला तेव्हा धापा टाकत होता. "वरनं चाक दिसतं. आमच्या जुन्या पवनचक्कीसारखं. हे सांगितलं की तिला कळेल."

माझी मात्र आता गंमत झाली होती. फोन माझ्या खिशात आला आणि सगळी तगमग त्याच्याबरोबर आली. क्लेम बघत होता आणि मी दर दोन मिनिटांनी खिसा चाचपत होतो, चालू आहे ना.

मग ट्राम, पूर्ण फेरीची. या खेपेला चालकाशेजारी उभा राहून त्यानं ब्रेकचा दांडा कसा फिरतो ते बघितलं. चालक म्हणाला, "आजोबा, नोकरीला लागायचंय का?" क्लेम म्हणाला, "मेंढरांपेक्षा ही माणसं शिस्तीत चढतात, लागलो असतो." स्टेशनपाशी उतरलो, घड्याळांखाली उभे राहिलो, आणि तेवढ्यात वारा फिरला. मेलबर्नला हे नेहमीचं. उत्तरेची भट्टी मिटते, दक्षिणेचा समुद्रावरचा वारा येऊन आदळतो, आणि पाच मिनिटांत माणसं उघड्या दंडांवर हात चोळायला लागतात. पायऱ्यांवरच्या टोप्या उडाल्या. एक मुलगी हिरव्या फ्रॉकात थंडीनं काकडत कुणाची तरी वाट बघत होती. क्लेमची दहा मिनिटं झाली, पण तो हलेना. पंधरा झाली. सतरा मिनिटांनी एक उंच पोरगा धावत आला, तिला आपला कोट दिला आणि तिनं त्याच्या पाठीत एक गुद्दा घातला.

"आला," क्लेम म्हणाला. आणि मग चालायला लागला.

संग्रहालयाच्या काचेवर त्यानं दोन्ही हात ठेवले. मनगटांवरून पाणी बाह्यांत शिरलं, शर्ट कोपरापर्यंत भिजला, तरी तो उभा. तिथला पहारेकरी जवळ आला. मला वाटलं, हटकणार. तो म्हणाला, "हातापाशी पाणी दुभंगतं बघा, आणि खाली जाऊन परत एक होतं. मी अकरा वर्षं बघतोय." बागेत तळ्याशी एका माळणीनं त्याला पाण्यातले वांब दाखवले, सापासारखे मासे, हातभर लांब, काळसर. ती म्हणाली, हे कधीतरी पावसाळी रात्री गवतावरून सरपटत नदीला जातात, तिथून समुद्रात, हजारो मैल, अंडी घालायला. क्लेम बाकावर बसला. पुरा अर्धा तास. "बंद तळं आहे असं वाटतं," एवढंच म्हणाला, "आणि त्यांना वाट माहीत असते."

परतताना पाच वाजून गेले. फोन नाही. सिस्टरनं दोन-तीन तास म्हटलं होतं, तीन उलटले होते. माझ्या पायांत आता चालायचं बळ नव्हतं. स्टेशनासमोरच्या मोठ्या चर्चच्या दारातून वाद्याचे सूर येत होते. मी म्हटलं, "क्लेम, माझ्या यादीत एक आहे. संध्याकाळची प्रार्थना गातात इथं. थोडा वेळ."

"देवाचं आणि माझं फारसं बोलणं नाही, मास्तर."

"तू बोलू नको. बस नुसता."

तो शेवटच्या बाकावर, अगदी कडेला बसला, टोपी गुडघ्यावर. मंडळी वीस-पंचवीस. पांढऱ्या झग्यांतली मुलं-माणसं दोन रांगांत समोरासमोर उभी राहिली आणि गायला लागली. आमच्या गावात एक पाद्री तीन चर्चं सांभाळतो आणि भजन यंत्रावर लावतो, त्यामुळे मला या गाण्याची तहानच असते. एक रांग स्तोत्राची अर्धी ओळ गाते, दुसरी ती उचलून पुरी करते. अंधारात एकानं हाक मारावी आणि दुसऱ्यानं ओ द्यावी तसं. मी डोळे मिटले. नोलीनचं नाव घेऊन मागणं मागायला तोंड उघडलं, आणि माझ्या खिशातला फोन वाजला.

तो कर्कश जुना फोन. आणि ते चर्च, त्या उंचीचं. मला वाटलं धरणी दुभंगावी. मी घडी उघडून क्लेमकडे सरकवला. तो उभा राहिला. बाहेर जायचं त्याला सुचलंच नाही.

"कोण? हो, पास्को. हो. हो, चालू आहे फोन आता. ... बाई, ते सगळं नंतर सांगा. आहे ना ती? आधी ते सांगा."

त्याचा आवाज खांबांवर आपटून परत आला. पुढच्या बाकांवरच्या माना वळल्या. गाणारे मात्र थांबले नाहीत. त्यांनी आवाज थोडा खाली घेतला, मला तरी तसं वाटलं.

"थांबलं?" क्लेम म्हणाला. "थांबलं रक्त? आणि श्वास... बरं. बरं. बरं बाई."

फोन मिटला. तो उभाच राहिला. पुढच्या बाकावरून एक म्हातारी बाई, निळी टोपी घातलेली, उठून मागं आली आणि त्याच्या बाहीला हात लावून कुजबुजली, "नाव काय त्यांचं?"

"नोलीन," तो म्हणाला. त्याच्या मानानं कुजबुजत, म्हणजे सगळ्यांना ऐकू गेलं. "माझी बायको आहे."

बाई पुढे गेली. प्रार्थनेच्या वेळी पाद्रीनं आजाऱ्यांची नावं वाचली, आणि शेवटी 'नोलीन' असं म्हणून क्षणभर थांबला. क्लेमनं मान खाली घातली. टोपी त्याच्या हातात इतकी पिळली गेली होती की ती नंतर कधी सरळ झाली नाही.

तिच्या घशातली नळी दुसऱ्या दिवशी दुपारी काढली. आवाज म्हणजे नुसतं खरखरणं. डोळे उघडल्यावर तिनं आधी त्याच्याकडे बघितलं, मग त्याच्या हातातल्या कागदाकडे.

"सांग," म्हणाली.

दिवसाला वीस शब्द बोलणारा तो माणूस. खुर्ची ओढून बसला आणि पाऊण तास बोलला. पवनचक्कीसारखं चाक, घुमटाच्या काचा पुसणारी माणसं, ब्रेकचा दांडा, हिरव्या फ्रॉकातली मुलगी, दुभंगून परत एक होणारं पाणी. वांबांची वाट सांगताना त्यानं चादरीवर बोटानं नकाशा काढला. नोलीननं डोळे मिटले होते. मला वाटलं झोपली. क्लेमलाही वाटलं, तो थांबला.

"थांबलास का?" ती खरखरली. "अजून आहे. डोनट."

"गरम होता."

"आणि?"

क्लेमनं माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे बघितलं.

"जीभ भाजली," तो म्हणाला. "चव कळली नाही. आणि सकाळी जे फिरलो ते काहीच बघितलं नव्हतं, नोलीन. फोन बंद होता, तेही मला... दुपारी पुन्हा फिरलो. तोवर मार्केट बंद झालं होतं. चव तेवढी राहिली."

तिचे ओठ हलले. हसली असावी, हसताना टाके दुखत असणार. "घाबरला होतास?"

"फार."

"बरं," म्हणाली, आणि त्याचं बोट धरून झोपली.

नोलीन आहे अजून, चांगली हिंडती-फिरती. पुढच्याच मार्चात पेरणीच्या तोंडावर क्लेम यंत्राच्या शेडमध्ये गेला, आणि जेवायला आला नाही म्हणून ती बघायला गेली. एका दमात गेला होता, हातात पाना तसाच. त्यानं सांगून ठेवलं होतं म्हणून चर्च नाही, स्तोत्र नाही. मित्रांनी मिळून त्याला रानाच्या कडेच्या दफनभूमीत ठेवलं. आमच्या चर्चच्या वहीत त्याचं नाव नाही, त्यामुळे रविवारी नावं वाचतात तेव्हा ते येत नाही. मी मनात घेतो. नोलीन मनात घेत नाही, मोठ्यानं घेते, आणि पाद्री थांबून तिला घेऊ देतो.

तुम्ही त्याला कधी बघितलं नाही, बघणारही नाही. पण इतका वेळ बसलात, म्हणून मागतो. तुमच्याकडे संध्याकाळी देवापुढे दिवा लागत असेल, कुणी आरती म्हणत असेल, किंवा नुसतेच दोन क्षण गप्प बसत असाल, तर त्यात एकदा क्लेमची आठवण काढा. क्लेम पास्को, होपटाऊनचा.